टाळ, अभंग आणि टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांची भजनं मात्र आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आहेत. कीबोर्ड आणि भाषांतरित गाण्यांच्या दिवसांत त्यांच्याकडे पुन्हा पाहावंसं वाटलं, म्हणून हा अंक. शाळेत भेटलेले ‘फुलामुलांचे कवी’ आम्ही मुद्दाम बाजूला ठेवलेत. हवे होते ते उपदेशक, नगरला भावी पाळकांना शिकवणारे गुरुजी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी तुकोबा सुटले नाहीत. ख्रिस्त त्यांनी अभंगात, कीर्तनात मांडला. १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. (घरात काय वादळ उठलं असेल, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईच जाणोत!) तुमच्या मंडळीत त्यांचं कोणतं गीत, कोणत्या चालीवर गातात? आजीची वही चाळा आणि आम्हाला कळवा.