दोष कोणी ठरवायचा?

औषधाच्या खोक्यावर '०.५ मिलिग्रॅम' छापताना दशांशचिन्ह उमटलेच नाही, तर वाचणाऱ्यास '०५' दिसते आणि मात्रा दसपट होते. टाचणीच्या टोकाएवढ्या शाईवर रुग्णाचा जीव असा अवलंबून असतो. १९४५ च्या औषध नियमावलीने बंधनकारक केलेले बॅच क्रमांक आणि मुदत हेही बारीक अक्षरांतच छापलेले असतात.

पूर्वी ही छपाई कामगार डोळ्यांनी तपासत. आता धावत्या कागदावर कॅमेरा रोखलेला असतो. प्रत्येक छाप तो मंजूर नमुन्याशी ताडून पाहतो आणि तुटलेले अक्षर, शाईचा डाग, सरकलेला रंग क्षणात टिपतो. पाळीच्या अखेरीस माणसाची नजर थकते. यंत्राची थकत नाही. डोळे शिणविणाऱ्या कामातून कामगाराची सुटका होत असेल, तर समाजवाद्यांनी तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु किती दोष हा 'दोष' मानायचा, ही मर्यादा माणूसच ठरवितो. ती कडक ठेवली तर चांगला मालही बाद होतो. सैल ठेवली तर सदोष छपाई बाजारात जाते. बाद मालाचा खर्च कारखानदाराच्या हिशेबवहीत त्याच दिवशी चढतो. निसटलेल्या दोषाची किंमत मात्र दूरच्या खेड्यातील रुग्ण मोजतो. ती कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. नफ्याच्या दडपणाखाली मर्यादा कोणत्या बाजूस सरकेल, हे सांगावयास नको.

दुसरे असे की, मंजूर नमुन्यातच चूक असेल, तर कॅमेरा ती लाखो वेळा निष्ठेने 'बरोबर' ठरवील. तेथे अर्थ समजून वाचणारा जाणता कामगारच लागतो. नेमके त्यालाच कपातीच्या यादीत घालणे आत्मघातकी आहे.

यंत्रसुधारणेमुळे कपात संभवत असेल तर कामगारांना आधी सूचना दिली पाहिजे, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मान्य केले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. अशा वेळी संघटनांनी केवळ नुकसानभरपाईवर न थांबता तीन मागण्या कराव्यात : तपासनीस कामगारांना नव्या यंत्राचे प्रशिक्षण मिळावे, मर्यादा ठरविताना त्यांचा सहभाग असावा आणि बाद मालाच्या नोंदी औषध निरीक्षकांना खुल्या असाव्यात. कॅमेरा कारखानदाराच्या मालकीचा असेल. त्याने काय पाहावे, हे ठरविण्याचा हक्क समाजाचा आहे.