कॅमेरा आणि सरपणाची मोळी

मी व्यवसायाने छायाचित्रकार. जंगलात जाऊन पाखरांचे, प्राण्यांचे फोटो काढते, आणि नागपुरात असले की इतवारी-सीताबर्डीच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन हिंडते. संघटनेतल्या मैत्रिणी कधीकधी चिडवतात, "तुझं बरं आहे बाई, आम्ही मोर्चे काढतो, तू फुलपाखरं काढतेस." त्यात प्रेम असतं, पण एक समजही असतो: निसर्गाचे फोटो म्हणजे राजकारणाशी संबंध नसलेला, निरुपद्रवी छंद. मला हा समज पटत नाही. कोणी कोणाकडे बघायचं, कोणाला न विचारता बघायचं, आणि चित्रातून कोणाला हाकलायचं, हे प्रश्न जंगलातही तितकेच टोकदार आहेत, आणि त्यांचा थेट संबंध बायकांशी आहे.

वन्यजीवांच्या फोटोत माणूस नको, हा आमच्या क्षेत्रातला जवळजवळ धर्मच आहे. मोठ्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र संघटनांनी २०१४ मध्ये 'निसर्ग-छायाचित्रा'ची एक सामाईक व्याख्या मान्य केली. तिच्यानुसार चित्रात माणसाची खूण दिसता कामा नये. अपवाद आहे तो माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलेल्या प्राण्यांसाठी. म्हणजे धान्याच्या कोठारातलं घुबड चालतं. मोहाखाली फुलं वेचणारी बाई चालत नाही. ती निसर्गात मोडत नाही म्हणे. पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनसुद्धा!

मार्च-एप्रिलमध्ये ताडोबाच्या आसपास पहाटे गेलं तर मोहाच्या झाडांखाली बाया वाकून फुलं वेचताना दिसतात. जिप्सीतले फोटोग्राफर त्या पुढे सरकेपर्यंत ताटकळतात. "फ्रेम खराब होते." एकाने संगणकावर एका बाईचं लुगडं पुसून तेवढ्या जागेत गवत भरलं होतं, आणि ते मला कौतुकाने दाखवलं. काम सफाईदार होतं, शंकाच नाही. पण अशा हजारो फोटोंमधून शहरातल्या माणसाच्या डोक्यात जे जंगल तयार होतं, ते रिकामं असतं. मग त्यात मोळी घेऊन चाललेली बाई दिसली की ती घुसखोर वाटते.

कायद्यानेही बराच काळ असंच पाहिलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात शिरण्याचा परवाना कोणकोणत्या कामांसाठी देता येईल ते कलम २८ मध्ये लिहिलं आहे. त्यात छायाचित्रण आहे, पर्यटनही आहे. म्हणजे माझ्या छंदाची सोय पहिल्यापासून झालेली. मोह-तेंदूवरच्या हक्काला मात्र आधी पेसा कायद्याची (१९९६, तोही अनुसूचित क्षेत्रांपुरता) आणि मग वनहक्क कायद्याची (२००६) वाट पाहावी लागली. हक्क कागदावर आला तरी धोका तोच राहिला. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या जिल्ह्यातले वाघ नावानिशी प्रसिद्ध आहेत, त्यांच्या पिल्लांचीसुद्धा चित्रं जगभर जातात.

आता जंगलात माणसाने धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा झाडाला बांधलेले कॅमेरे जास्त झालेत. कॅमेरा ट्रॅप म्हणतात त्याला. एक छोटी पेटी. समोरून ऊब असलेलं काहीही हललं की आपोआप फोटो निघतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो मिळाले; त्यांपैकी ७६,६५१ वाघांचे. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, त्यामुळे गणना पूर्वीपेक्षा कितीतरी नेमकी झाली. पगमार्कांच्या काळात परत जा असं मी म्हणणार नाही. पण त्या पेटीला वाघीण आणि बाई यांतला फरक कळत नाही, आणि पेटीतले फोटो उतरवून घेणाऱ्याला तो चांगलाच कळतो.

उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी १४ महिने राहून २७० जणांशी बोलून अभ्यास केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मैत्रिणींनो, हा अभ्यास प्रत्येक गटात वाचला जावा असं मला मनापासून वाटतं. जंगलात शौचाला बसलेल्या एका बाईचा कॅमेरा ट्रॅपमध्ये निघालेला फोटो गावातल्या व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांवर फिरवला गेला. संतापलेल्या गावकऱ्यांनी सापडतील तेवढे कॅमेरे फोडले. वनकर्मचारी बायकांवर मुद्दाम ड्रोन उडवून त्यांना जंगलातून हुसकावतात, हेही त्यात नोंदलेलं आहे. सरपण आणि गवत नेण्याचा त्यांना हक्क असताना.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. त्या बाया जंगलात मोठ्याने बोलतात, गाणी म्हणतात. हत्ती आणि वाघाला दुरून चाहूल लागावी म्हणून. जंगल ही त्यांच्यासाठी घरातल्या दारूपासून, मारहाणीपासून सुटून चार घटका मोकळं बसण्याची जागाही आहे. कॅमेरे आले तशा त्या गप्प झाल्या. कोणीतरी बघतंय, ऐकतंय, असं वाटून आवाज खाली आला. कॅमेरे टाळायला त्या अनोळखी, जास्त धोक्याच्या भागात जाऊ लागल्या. अभ्यासात बोललेल्या एका बाईचा पुढे वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तो कॅमेऱ्यामुळेच झाला असं कोणी म्हणू शकणार नाही. पण वाघाच्या रक्षणासाठी लावलेल्या यंत्राने बाईचं रक्षण करणारं गाणं बंद पाडलं, हे तर खरं ना?

इथे मला माझ्या धंद्यातली एक युक्ती सांगायला हवी. पाखरांचे फोटो काढताना आम्ही लपणात बसतो. हिरवट कापड, लांब लेन्स, श्वास रोखून वाट पाहणं. लपतो ते पाखराला त्रास होऊ नये, घरट्यावरून ते उडू नये म्हणून. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्यांनीही हीच कला घेतली आहे. आन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांना काळी पट्टी चिकटवत असे, लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून. मोठा कलावंत, वादच नाही. पण पाखराला 'नको' म्हणता येत नाही, बाईला येतं. तिच्यापासून लपण्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तिचं 'नको' ऐकायचं नाही.

डिसेंबर १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅक्करी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगात घरोघरी पोचला. त्या मुलीचं नाव मात्र २००२ पर्यंत जगाला माहीत नव्हतं. शरबत गुला. शोधून काढल्यावर तिने सांगितलं, फोटो काढताना तिला राग आला होता. माणूस परका होता. त्या डोळ्यांतली धग लोकांनी वर्षानुवर्षं 'गूढ सौंदर्य' म्हणून वाखाणली.

"विचारून काढला तर फोटोतला जिवंतपणा जातो," हे मला पुष्कळ पुरुष सहकाऱ्यांनी ऐकवलं आहे. (बायकाही म्हणतात, पण जरा कचरत.) माझा अनुभव वेगळा आहे. विचारलं की बाई पदर सारखा करते, लाजते, कधी टोपली पुढे ओढते, कधी "माझ्या नातीचा काढा" म्हणते, कधी "चल निघ" म्हणते. इतवारीत चिवड्याचं दुकान चालवणाऱ्या मावशींनी मला चक्क अर्धा तास थांबवलं, पाटी पुसून घेतली आणि मग म्हणाल्या, "हां, आता काढ. दुकान माझ्या नावावर आहे, ते दिसलं पाहिजे." याहून जिवंत काय असतं? गेलेले क्षण गेले. गर्दीच्या, मोर्च्याच्या, सणाच्या फोटोत एकेकीला विचारणं शक्य नसतं, हे मला मान्य आहे. पण एकाच चेहऱ्यावर लेन्स रोखायची असेल तर विचारायला वेळ असतो.

कॅमेऱ्यामागे बाई असली की आपोआप सगळं बदलतं, असंही मी म्हणत नाही. तरी तिथे बाई असण्याला महत्त्व आहेच. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. बाईच्या नावावर कोणी भरवसा ठेवला नसता. आज नाव छापतात, पण रस्त्यावर रेंगाळायची मुभा अजून मिळालेली नाही. पुरुष पानटपरीवर तासभर उभा राहिला तर कोणी विचारत नाही. बाई उभी राहिली तर तिला काम लागतं. माझ्या गळ्यातला कॅमेरा हेच माझं काम, हाच माझा परवाना. गावातल्या बाईला जंगलात जायला मोळीचा परवाना लागतो, तसाच. म्हणून तिच्या मोळीवर रोखलेला कॅमेरा मला परका वाटत नाही, जबाबदारीचा वाटतो.

एक गोष्ट आपल्या वकील मैत्रिणींनी तपासावी. चोरून बघणं आणि खासगी स्थितीतला फोटो काढणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. घरात संडास नाही म्हणून उघड्यावर बसलेल्या बाईला जंगलात खासगीपणा आहे की नाही? वाघ मोजायच्या पेटीत तिचा फोटो निघाला आणि कोणी तो जपून ठेवला, पुढे पाठवला, तर जबाबदार कोण?

व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते, आणि एरवीही कॅमेरे लागतच असतात. चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, गोंदिया भागांत काम करणाऱ्या गटांनी आपापल्या गावांत बायकांची वेगळी बैठक घ्यावी. कॅमेरे कुठे लावले आहेत, लावण्याआधी ग्रामसभेत सांगितलं का, माणसांचे फोटो कोण बघतं आणि किती दिवसांत पुसतं, हे लेखी विचारावं. पाणवठ्याच्या आणि परसाकडच्या वाटा सोडून कॅमेरे लावा, फोटो तपासायला गावातल्या बाया घ्या, अशी मागणी करता येईल. बैठकीला कॅमेरा ट्रॅप प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर मला कळवा, मी घेऊन येईन. कितीतरी बायांना झाडावरची ती पेटी नेमकं काय करते हे अजून कोणी सांगितलेलंच नाही.