उसाच्या जिल्ह्यात साखरेची सवय : डोईला महिन्याला पाऊण किलो, त्यापुढं धोक्याची घंटा

विशेष विश्लेषण | तालुका प्रतिनिधी

सोलापूर जिल्ह्यात सध्या दोन गोष्टींची चर्चा चालू आहे. पहिली, उसाला दर किती मिळणार. दुसरी, गावात कुणाला 'शुगर निघाली'. पहिल्या गोष्टीवर आपण चावडीवर, पारावर, कारखान्याच्या गेटवर तासन् तास बोलतो. दुसरी मात्र दबक्या आवाजात बोलली जाते, जणू काही चोरीच केली आहे.

पण आता दबक्या आवाजात बोलून चालणार नाही. आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत, असा तो अंदाज आहे. शहरात प्रमाण जास्त आहे हे खरं. पण खेड्यातही शंभर प्रौढांमागे जवळपास नऊ जणांना मधुमेह आहे आणि आणखी पंधरा जण उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरच्यांची संख्या खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखीच आहे. म्हणजे 'हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार' हे आता विसरायचं.

मधुमेह फक्त साखर खाऊन होतो असं नाही. अनुवंशिकता, पोटावरची चरबी, कमी झालेली हालचाल अशी अनेक कारणं आहेत. नांगरट ट्रॅक्टरनं आणि शेताला जाणं मोटरसायकलवर, अशी आपली तऱ्हा झाली आहे. मात्र आपल्या हातात लगेच येण्यासारखी गोष्ट म्हणजे ही साखरेची ओढ.

घरचा हिशोब आधी करा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराबद्दलच्या नव्या सूचना दिल्या. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ते ३० ग्रॅमच्या आत ठेवा, असा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनाही २०१५ पासून साधारण हेच सांगते.

ग्रॅमचा हिशोब आपल्याला कळायला अवघड, म्हणून किराण्याच्या यादीवरून बघू. २५ ग्रॅम गुणिले ३० दिवस म्हणजे ७५० ग्रॅम. डोईला महिन्याला पाऊण किलो. चार माणसांच्या घराला तीन किलो, आणि त्यात गूळसुद्धा धरायचा. आता तुमच्या घरी महिन्याला किती साखर येते ते आठवा. पाच किलो येत असेल तर डोईला रोज ४० ग्रॅमच्या वर जातं. आणि यात हॉटेलातला चहा, बिस्किटं, थंडा, जत्रेतली जिलेबी, कुणाच्या तरी 'बड्डे'चा केक हे काहीच धरलेलं नाही.

बाहेरच्या गोष्टींचा अंदाजही घेऊ. चहाचा एक भरलेला चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम साखर. दोन चमच्यांचे तीन कप झाले की दिवसाचा कोटा संपला. ग्लुकोज बिस्किटात दर १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पुड्याचा पाव हिस्सा साखरच. थंड्याच्या २५० मिलीच्या एका बाटलीतही २५ ग्रॅमच्या आसपास. बाटली संपते दोन मिनिटांत, आणि तेवढ्यात दिवसभराची साखर पोटात जाते.

सरकारचं एक पाऊल पुढं, एक मागं

मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कोणत्या खाण्यात किती साखर आहे हे मुलांना फलकावर दिसावं म्हणून. त्या परिपत्रकात म्हटलंय की ४ ते १० वयाच्या मुलांच्या खाण्यातल्या एकूण उष्मांकापैकी १३ टक्के साखरेतून येतात, ११ ते १८ वयाच्या मुलांत १५ टक्के. असायला हवेत ५ टक्के. चांगलं पाऊल आहे. पण आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा सीबीएसईच्या नाहीत. त्यामुळं तो आदेश आपल्या शाळेच्या गेटपर्यंत आपोआप येत नाही आणि गेटसमोरच्या टपरीत मात्र पाच-दहा रुपयांच्या माळा लटकलेल्याच असतात.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावायचा सल्ला दिला. व्हॉट्सॲपवर त्याचं झालं 'समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा'. तसं काही नव्हतं, हे सरकारला जाहीर करावं लागलं.

दुसऱ्या बाजूला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साखर घातलेल्या सोडा-थंड्यावर ४० टक्के कर आहे. पण बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली आणि फळांच्या रसाची पेयंही १२ वरून ५ टक्क्यांवर आली. गरिबाचा पुडा स्वस्त झाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. मात्र पोराच्या हातात जे सगळ्यात जास्त वेळा असतं तेच स्वस्त होत असेल, तर आवर आई-बापानंच घालायचा, सरकार घालणार नाही.

ओढ लागते कशामुळं?

'मला गोडाशिवाय होतच नाही' असं म्हणणारी माणसं कमजोर मनाची नसतात. बहुतेक वेळा दिवसाची घडीच चुकलेली असते. आपल्याकडं तीन कारणं ठळक दिसतात.

एक, न्याहारीची जागा चहा-खारीनं घेतली. पूर्वी रानात जाताना भाकरी, चटणी, कांदा, वर ताक व्हायचं. आता सकाळी गोड चहात बुडवलेली खारी नाही तर टोस्ट. ही साखर नि मैदा रक्तात झटकन चढतो आणि तितक्याच वेगानं उतरतो. दहा वाजता पोट पुन्हा ओरडतं. मग परत चहा, परत बिस्किट. दिवसभर हेच चक्र.

दोन, झोप. शेतीची वीज आठवड्याआड रात्रीची असते. रात्री दोन वाजता मोटर चालू करायला उठणाऱ्याची झोप मोडते. झोप कमी झाली की भूक वाढते आणि त्यातही गोडाची, तळलेल्याची जास्त, हे डॉक्टर मंडळी सांगतात. म्हणून दिवसा वीज मिळावी ही मागणी फक्त सापा-विंचवाच्या भीतीची नाही, तब्येतीचीही आहे.

तीन, मानपान. आल्या-गेल्याला चहा दिला नाही तर अपमान. आणि कुणी साखर कमी मागितली की लगेच प्रश्न, 'का हो, शुगर हाय काय?' या एका प्रश्नापायी कितीतरी माणसं गप गुमान गोड चहा पितात. सरपंच, ग्रामसेवकापासून पाहुण्यापर्यंत दिवसाला सात-आठ घरी जाणाऱ्याचं काय होत असेल, विचार करा.

इथं एक फरक लक्षात ठेवायला हवा. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या ऊसतोड मजुराचा गोड चहा ही चैन नाही. हाताशी वेळ नाही, दुसरं खायला नाही, म्हणून तो ताकदीसाठी पितो. त्याला 'साखर सोड' सांगण्याआधी त्याच्या कोपीपर्यंत वेळेवर दोन भाकरी आणि डाळ कशी पोचेल हे बघायला हवं.

मग करायचं काय?

साखर एका दिवसात तोडायची शपथ घेतली की आठवड्यात मोडते. जिभेला सवय लागायला वेळ द्यावा लागतो.

१. चहातली साखर पंधरा दिवसाला अर्धा चमचा कमी करा. दोनाचे दीड, दीडाचा एक. घरात सगळ्यांचाच चहा कमी गोड करा, म्हणजे एकट्याचा वेगळा करायची कटकट नाही.

२. चहाआधी किंवा चहासोबत खरं अन्न खा. अर्धी भाकरी आणि रात्रीची उसळ, शेंगाची चटणी, दही. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचे लोक ती शोधत येतात आणि आपण खारी खातो. मात्र भाकरीतही पिष्ट असतंच, म्हणून भाकऱ्या मोजून, कालवण-भाजी भरपूर.

३. चार वाजता भूक लागतेच. त्या वेळेसाठी फुटाणे, मूठभर शेंगदाणे, काकडी, पेरू, ताक घरात तयार ठेवा. समोर असेल तेच माणूस खातो.

४. साखर पिऊ नका. थंडा आणि डब्यातला 'ज्यूस' रोजच्या वापरातून काढा. तहान लागली की आधी तांब्याभर पाणी.

५. गोड सणाला खा, जेवणासोबत खा. पुरणपोळी सणाची आहे, सण रोज नसतो.

६. गूळ खाल्ला म्हणजे सुटलो असं नाही. गुळानंही रक्तातली साखर चढतेच. रसायन नसलेला असला तरी हिशोबात धरायचा.

७. पुड्याच्या मागं 'ॲडेड शुगर' किती लिहिलंय ते बघा. दहावीतल्या पोराला वाचायला लावा, त्यालाही कळेल.

एक इशारा. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मनानं जेवण तोडू नये, गोळी बंद करू नये. अचानक घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली तर साखर उतरलेली असू शकते. त्या वेळी गोड लगेच द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं गावच्या उपकेंद्रात तपासणी करून घ्यावी. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात, त्यांना 'मला काय झालंय' म्हणून परत पाठवू नका.

ऊस लावायचा आणि साखर सोडायची?

हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो. आपलंच पीक, आपणच कमी खाल्लं तर दर पडेल की. हिशोब तसा नाही. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरली होती. ती केंद्र ठरवतं, आपल्या कपातल्या चमच्यावर ठरत नाही. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला किलोला ३१ रुपये केला, तो वाढावा म्हणून कारखाने मागणी करतायत. इथेनॉलचं धोरण दरवर्षी बदलतं. उसाची लढाई तिथं आहे, ती तिथंच लढायची.

पण उसाच्या बिलातून आलेला पैसा इन्सुलिनला, डायलिसिसला आणि पायाच्या जखमेला जाणार असेल, तर टनाला शंभर रुपये वाढवून मिळाले काय आणि न मिळाले काय. उजनीच्या पाण्यानं आपल्याला ऊस दिला, त्याआधी ज्वारीनं आपल्याला जगवलं. दोन्ही आपलीच पिकं. एक विकायचं, दुसरं खायचं, एवढी सोपी वाटणी आपल्याला जमली पाहिजे.

सुरुवात छोटी करू. येत्या ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत चहा करताना साखर वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला हवी तो घालून घेईल. आणि कुणी घातली नाही, तर 'शुगर हाय काय?' असं विचारायचं नाही.