फिरत्या घराची दुसरी बॅटरी

मोटारीत लहानसा संसार थाटून देश पाहण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही रुजू लागली आहे. एखादी लहान बस घ्यावयाची, तीत निजण्याच्या फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, पंखा, दिवे आणि एक छोटा फ्रिज बसवावयाचा, की ‘कॅम्परव्हॅन’ तयार झाली. आमच्या घरात तिचे नाव मात्र ‘फिरते घर’ असेच पडले आहे. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करण्यापुरती, जशी ती प्रत्येक मोटारीत असते. दुसरी घरासाठी, म्हणजे इंजिन बंद असताना दिवे, पंखा व फ्रिज चालविण्यासाठी. गाडी धावत असताना अल्टर्नेटर पहिलीबरोबर दुसरीलाही वीज पुरवितो. निदान त्याने ती पुरवावी अशी अपेक्षा असते. या महिन्यात लिहावयाचे आहे ते या अपेक्षेविषयीच.

गेल्या मार्च महिन्यात आम्ही इंदूरहून कच्छमधील धोलावीरा येथे निघालो होतो. गाडी धाकट्या दिरांची, आणि तिची बरीचशी जोडणीही त्यांच्याच हातची. बरोबर सासूबाई होत्या. त्या मधुमेही असल्याने इन्सुलिनची न उघडलेली पेने फ्रिजमध्ये ठेवली होती. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, आणि ते गोठता कामा नये, हे बहुतेक घरांना ठाऊक असेलच. दाहोद, गोध्रा, अहमदाबाद, भचाऊ, रापर असे रमतगमत मुक्काम करीत आम्ही चौथ्या रात्री धोलावीऱ्यास पोहोचलो. पहाटे पाणी प्यावयास उठले तो फ्रिज मुका झालेला. त्याचा लहान लाल दिवा लुकलुकत होता व आतील तापमापक 17 अंश दाखवीत होता.

भाऊजींचे निदान तत्काळ तयार होते. “वहिनी, बॅटरी गेली. भुजला जाऊन नवीन घेऊ.”

“काल चार-पाच तास गाडी चालली ना? मग ती भरली कशी नाही?” मी विचारले.

“भरलीच असणार. गाडी चालू असली की ती भरतेच. धरून ठेवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.”

पुष्कळ घरांत असेच घडते. बॅटरी रिकामी आढळली की दोष बॅटरीच्याच माथी मारला जातो, हजारो रुपये खर्चून नवी आणली जाते, आणि पंधरवड्याने तीही तशीच रिकामी आढळते. घागर गळकी आहे की नळालाच पाणी नाही, हे आधी पाहावयास नको काय? ते पाहण्याचे साधन म्हणजे मल्टिमीटर. त्यास काही शेकडे रुपये पडतात. सुदैवाने आमच्या गाडीत तो होता. चार दिवसांत तो पेटीबाहेर आला नव्हता इतकेच.

सासूबाईंच्या औषधाची व्यवस्था प्रथम केली. गावातून एक लहान मडके मिळविले, ते ओल्या वाळूने भरलेल्या परातीत ठेवून वर ओले फडके गुंडाळले व पेने कोरड्या डब्यात घालून आत ठेवली. मडक्यात 2 ते 8 अंश साधत नाहीत, परंतु बाहेरच्या ऊनपाऱ्यापेक्षा आत बराच गारवा राहतो. बर्फ मिळाला असता तरी तो औषधास थेट लागू दिला नसता. डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, काही तासांच्या या उष्णतेने औषध वाया जात नाही. पेनांवर आजची तारीख लिहा आणि हीच पेने आधी वापरा. साधारण 30 अंशांच्या आत असलेले इन्सुलिन चार आठवड्यांपर्यंत चालते. एवढे समजल्यावर जिवात जीव आला व आम्ही गाडीकडे वळलो.

मोजमाप सुरू करण्यापूर्वी आकड्यांची ओळख करून घेतली पाहिजे. आमच्या गाडीतील बॅटरी शिशाची, 100 अँपिअर-तासांची होती. अशी 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असून काही तास स्वस्थ राहिलेली असेल, तर मीटरवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसतात. सुमारे 12.2 दिसले की ती निम्मी झाली असे समजावे, आणि 12 च्या खाली आल्यास तिजकडून फारशी आशा करू नये. ‘स्वस्थ राहिलेली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुकतीच चार्जिंगवरून काढलेली बॅटरी काही काळ खोटाच मोठा आकडा दाखविते. उलट पंखा वा फ्रिज चालू असताना आकडा वाजवीपेक्षा खाली जातो. यास्तव खरा आकडा पहाटेचा, कोणी दिवा लावण्याआधीचा. आमचा आकडा आला 11.7.

आता नळाला पाणी आहे की नाही ते पाहावयाचे. भाऊजींनी इंजिन सुरू केले. इंजिनाच्या बॅटरीवर 14.3 व्होल्ट दिसले. म्हणजे अल्टर्नेटर आपले काम चोख करीत होता. शिशाची बॅटरी नीट भरण्यासाठी तिच्या टोकांपाशी 14.4 च्या आसपास व्होल्ट पोहोचावे लागतात. घराच्या बॅटरीवर मीटर लावला तर 12.3! वाटेत दोन व्होल्ट नाहीसे झाले होते.

भाऊजी क्षणभर मीटरकडे पाहतच राहिले. “म्हणजे बॅटरी गेलेली नाही?”

“ते आत्ताच सांगता येणार नाही. पण तिला जेवायला मिळत नाही एवढे खरे.”

पुढचे शोधकार्य कोणालाही जमेल असे आहे. मीटरच्या काळ्या टोकास लांब तार जोडून ते इंजिनाच्या बॅटरीच्या ऋण टोकावर कायम ठेवले आणि लाल टोक वाटेतील एकेका जोडावर टेकवीत गेलो. रिलेच्या आधी 14.2. रिले म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा व बंद होताच तोडणारा स्वयंचलित खटका. त्याच्या पलीकडेही 14.2, अर्थात् खटका निर्दोष. पुढे पलंगाखाली, फ्यूजच्या अलीकडे 14.1. फ्यूजच्या पलीकडे 12.4. फ्यूज तर जळलेला नव्हता. भाऊजींनी त्याच्या प्लास्टिकच्या बैठकीस हात लावला आणि झटकन मागे घेतला. बैठकीतील पितळी पकड सैल होऊन तीवर हिरवट थर आला होता, आणि प्लास्टिकची एक बाजू वितळून वाकली होती.

येथे थोडे थांबण्यासारखे आहे. तार तुटली तर वीज अजिबात जात नाही व ते चटकन ध्यानी येते. जोड सैल झाला तर वीज थोडी जाते, आणि म्हणूनच तो दोष लपून राहतो. फळीवरील ‘चार्जिंग’चा हिरवा दिवा आमच्याकडे चारही दिवस लागत होता! तो दिवा फक्त खटका मिटल्याचे सांगत असे. किती वीज आत गेली याचा त्यास पत्ता नसे. सैल जोडावर 1.7 व्होल्ट खर्ची पडत होते आणि वीज जात होती सुमारे 5 अँपिअर. गुणाकार केला तर साडेआठ वॅट उष्णता एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यात, पलंगाच्या लाकडाखाली, मुरत होती. त्या पलंगावर सासूबाई निजत. फ्रिज बंद पडला हे एका परीने बरेच झाले असे मला आजही वाटते.

हिशेबही मग जुळला. आमच्या फ्रिजला दिवसाकाठी सुमारे 38 अँपिअर-तास लागतात, पंख्याला 12, दिव्यांना 5, एकूण 55. पाच-साडेपाच तासांच्या प्रवासात 5 अँपिअरने मिळत होते जेमतेम 27. रोज 28 ची तूट. 100 ची शिल्लक घेऊन निघालेला संसार चौथ्या पहाटे दिवाळखोर होणारच होता. त्याच दुपारी आम्ही धोलावीऱ्याचे प्राचीन जलाशय पाहिले. मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी अडवून, उतारावर एकामागून एक हौद बांधून, त्या लोकांनी हे शहर रणाच्या काठी शतकानुशतके जगविले. आवक किती व खर्च किती, हे त्यांना आमच्यापेक्षा खासच अधिक समजत असले पाहिजे.

रापरला मोटारीची वायरिंग करणाऱ्या एका दुकानात नवी, भक्कम बैठक मिळाली. काम करण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके सोडविली. दोन बॅटऱ्यांमधील तारेला दोन्ही अंगांनी वीज असते, हे विसरून कित्येकांनी हात भाजून घेतले आहेत. त्याच कारणासाठी या तारेस दोन्ही टोकांशी, बॅटरीलगत, फ्यूज हवा. दुकानदाराकडे तारेभोवती चिमट्यासारखा धरावयाचा अँपिअरमापक होता. दुरुस्तीपूर्वीचे 5 अँपिअर त्यावरच कळले होते. आता 18 दिसू लागले, आणि बॅटरीवर 13.6 व्होल्ट.

13.6 च का, 14.3 का नाहीत? कारण तार अद्याप बारीक होती. 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन 10 मीटर, एवढ्या वाटेत 18-20 अँपिअर वाहताना अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती होते. इंदूरला परतल्यावर 16 चौरस मिलिमीटरची तार घातली; गळती पाव व्होल्टच्या आत आली. तारेत केलेली काटकसर पुढे बॅटरीच्या किमतीत भरून द्यावी लागते.

त्या रात्री आम्ही वीज असलेल्या मुक्कामी उतरून घरगुती विजेच्या चार्जरवर बॅटरी सकाळपर्यंत ठेवली. शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, निव्वळ गाडी चालवून तो क्वचितच पुरा होतो; आणि अर्धवट रिकाम्या अवस्थेत ती पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर कठीण थर धरून तिची शक्ती कायमची घटते. दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा आकडा, फ्रिज रात्रभर चालूनही, 12.5 आला. बॅटरी शाबूत होती. भुजची खरेदी वाचली.

ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक नव्या इंजिनांतील अल्टर्नेटर इंधन वाचविण्यासाठी आपले व्होल्ट स्वतःच कमी-अधिक करतो; इंजिनाची बॅटरी भरली की तो 13 च्याही खाली उतरतो. अशा गाडीत साधा खटका मिटतच नाही किंवा मिटून निष्फळ ठरतो, आणि एकही तार सैल नसताना घराची बॅटरी उपाशी राहते. तेथे उपाय एकच: दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसणारा, आलेले व्होल्ट वाढवून योग्य मापाने देणारा चार्जर. लिथियमची बॅटरी असल्यास तर तो हवाच; कारण ती बॅटरी एवढी अधाशी असते की थेट जोडल्यास अल्टर्नेटर तापून निकामी होऊ शकतो. शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी चार्ज करू नये. हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीकडे जाणाऱ्यांनी एवढे तरी टिपून ठेवावे.

लिथियमच्या बाबतीत पहाटेचा आकडाही उपयोगी पडत नाही. ती जवळजवळ भरलेली असो वा बरीच रिकामी असो, व्होल्ट 13.2 च्या आसपासच रेंगाळतात. तिच्यासाठी ऋण बाजूस शंट नावाची पट्टी बसवून आत-बाहेर होणारी वीज मोजणारे यंत्र लावावे लागते. मात्र प्रत्येक ऋण तार त्या पट्टीच्या पलीकडच्या अंगास जोडलेली हवी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने छपरावरील सौरपट्टाची ऋण तार थेट बॅटरीवर नेली होती. त्यामुळे सूर्याने दिलेली वीज यंत्राच्या हिशेबी कधी आलीच नाही, व भरलेली बॅटरी महिनाभर ‘रिकामी’ म्हणून गणली गेली.

उन्हाळ्याविषयी थोडेसे. शिशाच्या बॅटरीस उष्णतेत कमी व्होल्ट पुरतात. 25 अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे 0.02 व्होल्ट चार्जरने घटवावेत असा नियम आहे, आणि चांगल्या चार्जरला तापमान कळण्यासाठी एक वेगळी तार असते. ती बॅटरीलाच चिकटवावी. पाण्याची बॅटरी पलंगाखाली ठेवली असल्यास तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू नळीने गाडीबाहेर काढावा, दर महिन्यास पातळी पाहावी व शुद्ध केलेले पाणीच घालावे, नळाचे नव्हे.

फ्रिजच्या दारावर आता एक लहान वही दोरीने बांधली आहे. तीत तीनच रकाने आहेत: पहाटेचे व्होल्ट, गाडी चालू असतानाचे व्होल्ट, आणि फ्रिजमधील तापमान. गेल्या आठवड्यात मांडूला गेलो होतो तेव्हा भाऊजी अजून अंथरुणातच होते. सासूबाईंनी स्वतः मीटर लावला, चष्मा सावरला आणि आत हाक मारली, “अरे, बारा पूर्णांक सहा. आता चहा ठेवा.”