एचआयव्हीचा धडा आणि आपल्या गावचे रोजगार



१ डिसेंबर आला की आपण प्रभातफेरी काढतो, फळ्यावर लाल फीत रंगवतो आणि मुलांकडून एचआयव्हीची कारणे पाठ करून घेतो. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला. उत्तर बरोबर, गुण पैकीच्या पैकी! पण हा धोका कोणाच्या वाट्याला जास्त येतो आणि का, हे राहूनच जातं. मग मुलं स्वतःच अर्थ लावतात, "ज्याला झाला तो वाईट चालीचा." मला हे पटत नाही. चालीआधी त्या माणसाचं काम बघा, असं माझं मत आहे.

आपल्याच भागाचं घ्या. खानापूर, आटपाडी, माण, खटाव हे दुष्काळी तालुके. इथली पोरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली. जावळी-पाटणचा गडी मुंबईत माथाडी; गावकीच्या एका खोलीत कितीतरी जण, जेवण खानावळीत, बायको-मुलं गावाकडं, कारण शहरात संसाराला जागा परवडत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचा ड्रायव्हर घरी कधी जाणार, ते मालक ठरवतो. माल भरायला दोन दिवस लागले तर दोन दिवस मुक्काम गाडीतच. वय विशीतलं, हातात रोख पैसा, सुट्टी नाही, आणि सरकारी दवाखाना उघडा असतो तो नेमका कामाच्या वेळेत. आणि याची झळ, कधीच गाव न सोडलेल्या बायकोलाही बसते.

सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम केलं. तिथं नुसती माहिती पुरली नाही. गिऱ्हाइकाला "निरोधाशिवाय नाही" म्हणायचं तर एकटीचं बळ पुरत नाही, सगळ्या जणी एक व्हाव्या लागतात. कामाची जागा बदलते ती अशी.

दवाखान्यातला धोका वेगळा आणि त्या मानाने बराच कमी. वापरलेली सुई टोचली तर औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. कचरा उचलणाऱ्या मावशींना कोणी सांगितलंय का?

चाचणीला लोक भितात ते नोकरीच्या धास्तीने. खरं तर २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती करता येत नाही. केवळ लागण आहे म्हणून कामावरून काढणं हाही भेदभावच. औषध मोफत मिळतं, आणि ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू दबला की शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही.

म्हणून यंदा पोस्टरबरोबर हेही वर्गात बोलूया. फक्त एक सांभाळा: "कोणाचे वडील बाहेरगावी असतात?" असं विचारून कुणाला उभं करू नका. त्या पोराकडे उद्या सगळे संशयाने बघतील. गलाईवाली, माथाडी मंडळी गावच्या यात्रेला हमखास येतात. तपासणीची आणि सल्ल्याची सोय त्या आठवड्यात गावातच व्हावी, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीतून ग्रामपंचायतीकडे द्यायला काय हरकत आहे? आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा. तो पुसायचा नाही, असं वर्गप्रमुखाला बजावून.