१ जानेवारीचा कागद कोणी वाचायचा?



१ जानेवारी आली की पाड्यावरची पोरं डीजे लावतात आणि म्हातारी माणसं म्हणतात, हे वर्ष काय आपलं नाही, आपलं वर्ष पावसा-पेरणीचं. म्हाताऱ्यांचं खरं आहे. १ जानेवारी ही सरकारची तारीख. पण म्हणूनच ती आपण लक्षात ठेवायला पाहिजे, असं माझं मत आहे. सरकारं नवा कारभार, नवा करार, नवे नियम याच तारखेपासून लागू करतात. आपल्या जमिनीचा फैसलाही त्यात होऊन जातो. अशा तीन १ जानेवारी सांगतो.

पहिली १९४८ ची. स्वातंत्र्य मिळून साडेचार महिने झाले होते. आजच्या झारखंडात खरसावां आणि सराईकेला ही दोन छोटी संस्थानं होती. ती ओरिसात घालायची असं वरच्यावर ठरलं. १ जानेवारीपासून कारभार ओरिसाकडे जाणार होता. तिथल्या आदिवासींना ते मान्य नव्हतं, त्यांना स्वतःचं झारखंड राज्य पाहिजे होतं. जयपालसिंग मुंडा येणार म्हणून गावोगावची माणसं, बाया-पोरं खरसावांला जमली. गुरुवार होता, हाटाचा दिवस. जयपालसिंग पोचू शकले नाहीत, आणि ओरिसाच्या पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५ मेल्याचा. लोक शेकड्यांनी सांगतात, कोणी हजारांनी. पुढे मे महिन्यात तीच संस्थानं ओरिसातून काढून बिहारला जोडली. म्हणजे ज्या हुकमासाठी माणसं मारली, तो हुकूम पाच महिनेसुद्धा टिकला नाही. झारखंड राज्य व्हायला २००० साल उजाडलं.

दुसरी १९९४ ची, लांबच्या मेक्सिको देशातली. गावाची सामाईक जमीन विकता येईल अशी दुरुस्ती तिथल्या सरकारने १९९२ मध्ये घटनेत करून ठेवली होती. मग अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा व्यापार करार १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला. त्याच दिवशी चियापास भागातले माया आदिवासी, ज्यांना झपाटिस्टा म्हणतात, हत्यारं घेऊन उठले आणि त्यांनी काही शहरं ताब्यात घेतली. बारा दिवस लढाई चालली. आपण बंदूक घेतलेली नाही आणि घ्यायचीही नाही. पण त्यांचा सवाल आपलाच आहे: जमीन आमची, मग आम्हाला न विचारता कागद कसा झाला?

तिसरी आपली. मे २००२ मध्ये दिल्लीहून हुकूम सुटला, जंगलातली अतिक्रमणं काढा. जे पिढ्यान्‌पिढ्या कसत होते, त्यांनाच अतिक्रमणवाले ठरवलं. त्याविरुद्ध देशभर मोर्चे निघाले, धरणी झाली, तेव्हा कुठे २००६ ला वनहक्क कायदा झाला. त्याचे नियम निघाले १ जानेवारी २००८ ला. पहिल्या दोन कागदांत आपल्या माणसांना कोणी विचारलं नाही. या तिसऱ्या कागदात मात्र लिहिलंय की सुरुवात ग्रामसभेने करायची. दावे ग्रामसभेने मागवायचे, वनहक्क समिती ग्रामसभेने निवडायची. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी म्हणणंसुद्धा पुरावा धरायचं.

आणि आपल्याकडे काय चाललंय? कसतोय तीन एकर आणि पट्टा येतो वीस गुंठ्यांचा. दावा नामंजूर झाला हे चहाच्या टपरीवर कळतं. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं, पण तोवर ते दिवस निघून गेलेले असतात. म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय अपील फेटाळता येत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नाही. अख्ख्या गावाच्या जंगलाचा सामूहिक दावा तर कितीतरी गावांनी टाकलेलाच नाही. गडचिरोलीच्या मेंढा लेखा गावाने टाकला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळवला. तिथली माणसं आपल्यासारखीच आहेत. फक्त त्यांची ग्रामसभा बसते.

काही जण म्हणतात, कागदाने काय होतं, जमीन तर आपल्याच ताब्यात आहे. भाऊ, खरसावांच्या लोकांचीही जमीन त्यांच्याच ताब्यात होती. उद्या धरणवाला, खाणवाला आला की पहिला प्रश्न कागदाचाच विचारणार. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत आपल्याला हटवता येत नाही, असं कायदा म्हणतो. पण दावाच केला नसेल तर गार्डला काय दाखवणार?

कोरेगाव भीमाला १८१८ ची लढाई १ जानेवारीलाच झाली. बाबासाहेब १९२७ ला त्याच तारखेला तिथे गेले. आज लाखो लोक जातात. खरसावांलाही दरवर्षी शहीदांसाठी लोक जमतात. सरकारने नेमून दिलेल्या तारखेवर लोकांनी आपला दिवस बसवला. आपण पण बसवू.

म्हणून माझी सूचना अशी. येत्या १ जानेवारीला प्रत्येक पाड्याने ग्रामसभा घ्यावी. आधी खरसावांच्या शहीदांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. मग दाव्यांचं रजिस्टर उघडून एकेक नाव मोठ्याने वाचायचं: कोणाचा दावा अडकला, कोणाची जमीन कमी मोजली, कोणाकडे पोच नाही. बायांची नावंही वाचायची, कारण नवरा-बायकोचा पट्टा दोघांच्या नावे असायला पाहिजे. त्याच बैठकीत ठराव लिहायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात देऊन शिक्क्याची पोच आणायची.

डीजे संध्याकाळी लावा. सकाळी रजिस्टर घेऊन या.

जोहार! जिंदाबाद!