40 केबीतला मारिओ
1985 साली निन्टेंडोने काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ 40 केबीत बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोही बहुधा त्याहून जड असतो. जागा वाचवण्यासाठी खेळातले ढग आणि झुडपं चक्क एकाच चित्राची केली, फक्त रंग बदलला. आपल्याकडे नव्वदीत तो घरोघरी पोचला तो नकली कन्सोलवरून. कॅसेटवर लाखो गेम छापलेले, आत तेच ते मोजके खेळ फिरून फिरून! (कॅसेट काढून फुंकर मारणं हा तेव्हाचा सार्वत्रिक उपचार, गुण येवो न येवो.) याउलट 2018चा ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ संगणकावर 150 जीबी जागा मागतो आणि त्यात घोड्यावरून नुसतं भटकण्यातही संध्याकाळ मजेत जाते. मला दोन्ही आवडतात. तरी धाकधूक जुन्यातच जास्त, कारण मूळ मारिओत सेव्हची सोयच नाही. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. ‘एल्डन रिंग’सारखे अपवाद सोडले तर नवे खेळ खेळणाऱ्याला फार जपतात. सुट्टीत मुलांना एकदा तो जुना मारिओ खेळायला द्या, आणि जमलं तर तुमची पाळी येईपर्यंत दम धरा.